चालत आलात ना?

फिजिओथेरपीच्या ओपीडीबाहेर एक लांब बाक आहे. तिथे बसलं की उघड्या दारातून आतले पॅरलल बार दिसतात, त्यांना धरून पाय टाकणारी माणसं दिसतात, आणि तेल, डेटॉल, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी असा मिसळलेला वास येत राहतो. त्या दिवशी माझ्या शेजारी एक तिशीतली बाई बसली होती. मांडीवर जाडजूड फाइल, फाइलवर स्टीलचा डबा. तिच्या नवऱ्याला आत टिल्ट टेबलवर पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करत होते. मूळचे खेडकडचे. ऐन हंगामात आंबे उतरवताना फांदी मोडली आणि तो पाठीवर आदळला. कमरेखाली काही हलत नाही, काही कळत नाही. एवढं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, तुमचं कम्प्लीट का इनकम्प्लीट?" म्हणजे मज्जारज्जूची इजा पूर्ण की अपुरी. नव्या माणसाला गाव विचारावं, तितक्या सहज. मी म्हटलं, इनकम्प्लीट. "नशीबवान आहात हो," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून पुढे म्हणाली, "पण मग तुम्हाला इथं कशाला यावं लागतं? चालत तर आलात."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी उठून आत गेले. तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. थांबले असते तरी काय सांगितलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नसतं.

माझी गोष्ट झाडाइतकी उंच नाही. गौरी-गणपतीला सासरी गुहागरकडे गेलो होतो. मागच्या पडवीतून न्हाणीकडे जाताना जांभ्याच्या पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला, मी तोंडावर पडले, हनुवटी पायरीच्या कडेवर आपटली आणि मान मागे फेकली गेली. आवाजसुद्धा फार झाला नाही. शुद्ध पूर्ण होती. समोर चुलीच्या धुराचा वास येत होता, जाऊबाई धावत येताना दिसत होत्या, आणि मी उठण्यासाठी हात टेकायला गेले तर हात नव्हते. म्हणजे होते, दिसत होते, पण माझे नव्हते. खांद्यापासून बोटांपर्यंत नुसती आग. कुणी साधा पदर सारखा केला तरी हातांवर उकळतं पाणी ओतल्यासारखं होत होतं. एक्स-रे निघाला. हाड मोडलेलं नव्हतं. घरच्यांनी देवाला हात जोडले. हाड शाबूत म्हणजे माणूस शाबूत, असा आपला सगळ्यांचा पक्का समज आहे.

नंतर मुंबईत एमआरआय झाला आणि कळलं की वयानुसार मानेच्या मणक्यांची झीज होऊन आतली वाट आधीच अरुंद झाली होती. मान मागे फेकली गेली तेव्हा त्या अरुंद जागेत मज्जारज्जू चेंगरला. 'सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम' हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रिचर्ड श्नायडर या अमेरिकन न्यूरोसर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली त्याचं वर्णन केलं होतं. मधलं वय उलटलेली माणसं, तोंडावर पडणं, बऱ्याचदा हाड न मोडणं, आणि पायांपेक्षा हात जास्त जाणं. माझ्या जन्माच्या आधीच कुणीतरी माझं पडणं लिहून ठेवलं होतं, याचा मला का कोण जाणे, पण आधार वाटला. केसपेपरवर मात्र दुसरंच लिहिलं होतं: 'इनकम्प्लीट टेट्राप्लेजिया', म्हणजे चारही हातापायांवर परिणाम, पण अपुरा. यांनी मोबाइलवर अर्थ शोधला आणि दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळंच गेलं असं समजून जिन्यात जाऊन बसले. त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टनं मला धरून उभं केलं होतं आणि मी पलंगापासून खिडकीपर्यंत चालले होते. एकाच बाईबद्दलच्या या दोन गोष्टी आणि दोन्ही खऱ्या. शेजारीपाजारी मग यांनी सोपं करून सांगायला सुरुवात केली, "मानेचं ऑपरेशन झालंय." सोसायटीत अजूनही तेच चालतं. नातेवाइकांत कुणी 'नस दबली होती' म्हणतं, कुणी 'मणका सरकला' म्हणतं, आणि गावाकडच्या एक आत्याबाई फोनवर दर वेळी विचारतात, "लकवा उतरला का गं?"

कम्प्लीट आणि इनकम्प्लीट हे ठरतं कसं, ते बाहेरच्या फार कमी लोकांना माहीत असतं. मलाही स्वतःवर वेळ येईपर्यंत माहीत नव्हतं. उताणं झोपवतात. डॉक्टर आधी गालावर कापसाची वात फिरवतात आणि म्हणतात, "हे नॉर्मल धरा. आता डोळे मिटा, दुसरीकडे असंच लागतंय का सांगा." मग मानेपासून खाली, शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी, आधी कापूस आणि मग सेफ्टी पिन. टोचतंय की बोथट लागतंय? गालासारखं लागलं तर २, काहीच नाही तर शून्य, वेगळं लागलं तर १. माझ्या तळहाताला कापूस लागला की आग व्हायची. करंगळीला टोचणी कापडाआडून टोचावी तशी मंद लागायची. एकीकडे जास्त, एकीकडे कमी, आणि तक्त्यात दोन्हीकडे तोच १. पुढे ताकद. हातापायांच्या ठरावीक दहा स्नायूगटांना दोन्हीकडे शून्य ते ५ गुण, सगळे मिळून १००. कोपर वाकवा, मनगट उचला, मधल्या बोटाचं टोक दुमडा, करंगळी बाहेर काढा. करंगळी बाहेर काढताना माझ्या कपाळाला घाम आला होता आणि करंगळी जागची हलली नव्हती. पाय मात्र जवळजवळ पूर्ण गुण घेऊन गेले.

आणि सगळ्यात शेवटी कुशीवर वळवतात.

पाठीच्या कण्याची एवढी मोठी उतरंड, पण 'पूर्ण' की 'अपुरी' याचा निकाल तिच्या तळाशी, गुदद्वारापाशी लागतो. तिथल्या कातडीला स्पर्श कळतो का, डॉक्टरांच्या बोटाचा आतून दाब कळतो का, आणि सांगितल्यावर तुम्ही ते आवळू शकता का. यातलं काहीच नसेल तर कम्प्लीट. नुसतं कळत असेल तर इनकम्प्लीट, आणि आवळता आलं तर त्याहून वरची पायरी. माझी तपासणी एका तरुण डॉक्टर मुलीनं केली. आधी पडदा नीट ओढला, काय करणार आहे ते सांगितलं, आणि झाल्यावर माझा गाऊन स्वतः सारखा केला, कारण माझ्या हातांना ते जमत नव्हतं. मी तिचं नाव विसरले, तो गाऊन सारखा करणं विसरले नाही. बाकावरच्या त्या बाईच्या नवऱ्याचा निकालही याच एका तपासणीनं लागला असणार. पण तो शब्द त्याच्या घरी गेला तो 'आता काहीच होणार नाही' असा होऊन, आणि माझ्या घरी आला तो 'आता सगळं होईल' असा होऊन. मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाबद्दल दिलेली ती एक माहिती होती. तिनं माणसाचं पुढचं आयुष्य सांगितलंच नव्हतं.

या मोजपट्टीला सगळे 'एशिया' म्हणतात, अमेरिकन स्पायनल इन्ज्युरी असोसिएशनच्या आद्याक्षरांवरून. ए पासून ई पर्यंत पाच पायऱ्या, ए म्हणजे कम्प्लीट, ई म्हणजे नॉर्मल. त्याआधी इंग्लंडातल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयातून आलेली फ्रँकेल यांची १९६९ ची पट्टी वापरत. १९९२ मध्ये ती बदलली आणि तळाशी संवेदना किंवा हालचाल उरली आहे का, हा कम्प्लीटचा निकष ठरला. म्हणजे एखाद्याचं शरीर जसंच्या तसं राहिलं आणि त्याच्यावरचं नाव बदललं, असंही झालं असणार. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं. ही अक्षरं दगडावर कोरलेली नाहीत, माणसांनी माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली आहेत. डॉक्टरांना ती हवीतच. माझी दोन तपासण्यांमधली प्रगती त्यांच्यावाचून कुणाला सांगता आली नसती. तक्रार आहे ती एवढीच की मी 'डी' आहे, आणि 'डी' फार मोठं गाव आहे. इजेच्या खालच्या निम्म्या तरी स्नायूंना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता आला की तुम्ही डी. वॉकर धरून कशीबशी चार पावलं टाकणारे साताऱ्याचे एक काका डी. रोज टेकडी चढणारा एक मुलगा डी. मीही डी. तिघं एका बाकावर बसलो तर आमच्यात सारखं असं काय, हे बघणाऱ्याला कळणार नाही. आम्हाला कळतं. तिघंही नव्या जागी गेलो की आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवतो.

लघवीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. भरल्याचं कळतं ते उशिरा, आणि कळलं की मग थांबता येत नाही. त्यात माझी बोटं. सलवारची नाडी सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आता सगळ्या सलवारींना इलॅस्टिक आहे, ब्लाउजना पुढून वेल्क्रो आहे, आणि डोंबिवली ते भायखळ्यापर्यंतची कुठल्या फलाटावरची स्वच्छतागृहं वापरण्यासारखी आहेत ते मला तोंडपाठ आहे. बाहेर निघायच्या आधी तासभर पाणी बंद. फिजिओथेरपीला जायच्या दिवशी चहाही नाही. पाय ठणठणीत असलेली बाई चहा का नाकारते, हे कुणाला सांगणार?

आणि हात. केसांचा मोठा अंबाडा होता माझा, तो कापून टाकला, कारण मागे हात नेऊन पेड घालणं आता होत नाही. हातात बांगडी चढवायची तर दुसऱ्यानं चढवायची. पोळी लाटता येते, पण तव्याचा चटका किती खोल बसला ते संध्याकाळी फोड बघून कळतं. गेल्या गणपतीत मी हट्टानं मोदक करायला बसले. उकड छान मळली गेली, तळवे चालतात माझे. पारी केली, सारण भरलं. कळी घ्यायला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, ती मिटत नाही. एक कळी पडली, दुसरी पडेपर्यंत पहिली उलगडली, गूळ-खोबरं बोटांवरून मनगटाकडे ओघळलं. सासूबाई पंचाऐंशीच्या पुढच्या. त्यांनी माझ्या हातातून पारी घेतली नाही, थांबवलंही नाही. फक्त म्हणाल्या, "तू मुरड घालून करंजीसारखं मीट. बाप्पाला आकार कळत नाही, चव कळते." त्यांना ना एशिया माहीत, ना टेट्राप्लेजिया. माझं काय गेलंय आणि काय उरलंय, हे मात्र त्यांच्याइतकं नेमकं कुणी ओळखलं नाही.

'नशीबवान' या शब्दाशी मी खूप दिवस भांडले. तो खोटा नाही. आत टिल्ट टेबलवर बांधलेल्या त्या तरुणाकडे बघून मी तो खोटा कसा म्हणू? पण त्या शब्दाबरोबर एक अपेक्षाही येते, आणि तिचं ओझं मोठं असतं. कम्प्लीट म्हटलेल्या माणसाला निदान रडायची मुभा मिळते. इनकम्प्लीट म्हटलं की सगळे व्यायाम सांगू लागतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होतो, नंतर वेग मंदावतो. ते महिने मी कॅलेंडरकडे बघत काढले. थेरपी पुट्टी दाबायची, वाटाणे चिमटीनं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. वाटाणे वाटीबाहेर पडत राहिले आणि कुणीतरी म्हणत राहिलं, "मनावर घेतलंस तर होईल." इजा अपुरी, म्हणजे बरं होणं अपुरं राहिलं तर तो तुमचाच आळस, हा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही, पण घरात सगळ्यांच्या डोक्यात तो असतो. माझ्या तर सगळ्यात जास्त होता.

बाकावर एक रिक्षावाले दादा यायचे, ते 'बी'. त्यांना पायावर बसलेली माशी कळते, पाय हलवून तिला उडवता येत नाही. तेही इनकम्प्लीट. त्यांच्या बायकोला लोक म्हणतात, अपुरीच आहे ना इजा, मग उठत का नाहीत? ते स्वतःबद्दल सरळ सांगायचे, "कळतं, हलत नाही." सगळ्या केसपेपरवर मिळून नसेल इतकं त्या तीन शब्दांत आहे. अशी भाषा बाकावरच तयार होते. कुणी म्हणतं मी चालता क्वाड, म्हणजे चारही हातापायांना फटका बसूनही चालणारा, कुणी म्हणतं सकाळचा माणूस वेगळा, संध्याकाळचा वेगळा, कारण संध्याकाळी पाय लाकडासारखे ताठतात. साताऱ्याचे काका लष्करातले. ते मुरलीकांत पेटकरांचं नाव आदरानं घेतात: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे. काका म्हणाले, "मला कुणी त्यांच्यासारखा पॅरा म्हणालं तर छाती फुगते. पण खुर्चीवरच्यांसमोर तो शब्द घ्यायला संकोच वाटतो, मी तर उभा राहतो." तो संकोच मला रोज भेटतो. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढताना डब्यावरचं चित्र व्हीलचेअरचं असतं आणि आतल्या नजरा माझ्या पायांवर असतात. मी पर्समधून अपंगत्वाचं कार्ड काढून हातात धरते. पडू नये म्हणून दोन्ही तळव्यांत धरते.

ते कार्ड मिळवायला अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे जावं लागलं. कुठल्या, ते सोडा. टेबलामागच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "चालत आलात ना?" मी हो म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहिलं. मला सांगायचं होतं की साहेब, आले चालतच, पण दाराची कडी यांनी उघडली, तिकिटाचे पैसे यांनी मोजले, आणि अर्जावरची सही तीनदा खोडून झाली. तोंडातून शब्द फुटला नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "उचला बरं." मी ते कडेपर्यंत ओढत आणलं, खाली दुसरा तळवा धरला आणि त्यात पाडलं. मग दोघांनीही माझे हात नीट तपासले. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मज्जारज्जूची इजा त्यात वेगळी नाही, ती हालचालींच्या अपंगत्वात मोडते. पण त्या कलमाची व्याख्या मी नंतर मुलाकडून वाचून घेतली आणि चकित झाले. स्वतःची हालचाल आणि वस्तूंची हालचाल, दोन्ही त्यात आहेत. वस्तूंची! नाणं, नाडी, बांगडी, मोदकाची पारी. कायदा लिहिणाऱ्याला जे सुचलं ते बाकीच्यांना का सुचू नये? माझ्या अपंगत्वाचा आकडा ४० टक्क्यांच्या वर गेला, पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. ते हातात आलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच पोटात कालवलं. यांनी ते कपाटात सर्टिफिकेटांच्या फाइलीत ठेवलं, माझ्या एम.ए.च्या मार्कशीटखाली.

आता मी एक गोष्ट करते. मुलाकडून एक कागद टाइप करून घेतलाय, मराठीत. वरती डॉक्टरांची अक्षरं आहेत, कारण ती त्यांना लागतात. खाली माझं लिहिलंय. हातांना गरम-गार कळत नाही, सलाइनची सुई कुठे बसली ते विचारू नका, बघून घ्या. हलकं लागलं तर आग होते, घट्ट धरलं तर चालतं. पाय संध्याकाळी ताठतात, ते घाबरल्यामुळे नाही. बाटलीचं झाकण उघडून द्या. लघवीला नेताना उशीर करू नका, सांगितल्यापासून वेळ फार थोडा असतो. चालते, म्हणून बरी आहे असं धरू नका. बाकावरच्या लोकांनाही मी असे कागद करायला लावते. रिक्षावाल्या दादांच्या कागदावर पहिली ओळ तेच तीन शब्द आहेत.

गेल्या महिन्यात तापासाठी दुसऱ्या एका दवाखान्यात भरती व्हावं लागलं. रात्रपाळीला एक निवासी डॉक्टर होता, पोरगेलासा, झोपेनं डोळे लाल झालेला. मी फाइलीच्या आधी तो कागद पुढे केला. त्यानं उभ्या उभ्या वाचला, मग स्टूल ओढून बसला आणि परत पहिल्यापासून वाचला. "मावशी," तो म्हणाला, "शेवटची लघवी किती वाजता झाली? आणि सुटायच्या आधी कळलं होतं का?" इतक्या वर्षांत मला कुणी पहिला प्रश्न हा विचारला नव्हता. मी उशीला टेकून बसले आणि त्याला सगळं सांगायला लागले.